न दुखणारं दुखणं

एखाद्याला लकवा मारला की गावात आणि नात्यात त्याची कारणं दुपारपर्यंत सापडलेली असतात. आदल्या दिवशी बांधावरून भावाशी कडाक्याचं भांडण झालं होतं. पहाटे गार पाण्याने आंघोळ केली. मुलीच्या लग्नाचं टेन्शन होतं. रात्री उघड्यावर झोपला आणि अंगावरून वारं गेलं. सांगणारा खोटं बोलत नसतो. भांडण झालेलं असतं, लग्नही खरंच तोंडावर आलेलं असतं. पण ही कारणं त्या एका माणसाची आणि त्या एका दिवसाची. त्याच आठवड्यात शेजारच्या तालुक्यात, पलीकडच्या जिल्ह्यात, दूर बिहारात आणि केरळात कितीतरी घरांत हेच घडलेलं असतं, आणि तिथे बांधही नसतो नि लग्नही नसतं. याला का झालं आणि या देशात इतक्यांना का होतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर प्रत्येक घर आपापल्या परीने देतं. दुसऱ्याचं उत्तर शोधायचं तर पुष्कळ घरांत जाऊन मोजावं लागतं. हे पुस्तक त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

हा फरक नेमकेपणाने मांडला तो जेफ्री रोझ या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने. १९८५ साली लिहिलेल्या एका छोट्या लेखात त्याने दोन गटांचे रक्तदाब शेजारी-शेजारी ठेवले : केनियातले भटके पशुपालक आणि लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतले मध्यमवयीन नोकर. दोन्हीकडे काहींचा दाब इतरांपेक्षा जास्त, काहींचा कमी. पण लंडनवाल्यांचा अख्खा गटच वर सरकलेला होता. मूठभर आजारी माणसांनी सरासरी फुगवली होती असं नव्हे. ज्यांना आपण धडधाकट म्हणतो तेसुद्धा सगळे वर गेले होते. आता नुसत्या लंडनच्या कचेरीत बसून कोणी शोधलं असतं की या नोकराचा दाब जास्त आणि त्याचा कमी का, तर उत्तर आईवडिलांपाशी आणि स्वभावापाशी जाऊन थांबलं असतं. कारण सगळे जवळपास सारखंच खात होते आणि सारखेच बसून होते. जे सगळेच करतात ते कोणाच्याच नजरेत भरत नाही. भारतातल्या पक्षाघाताबद्दल बोलताना मला हे वाक्य पुन्हा पुन्हा आठवतं, कारण आपल्याकडे सगळेच जण काय करतात याची यादी बरीच लांब आहे.

पक्षाघात म्हणजे काय हे थोडक्यात सांगून टाकतो. पुढे दोन प्रकरणं त्यावरच आहेत. मेंदूला रक्त नेणारी वाहिनी गुठळीने बंद पडली तर तिच्या वाट्याचा मेंदू उपाशी राहून मरतो. वाहिनी फुटली तर रक्त मेंदूत साचतं आणि दाब पडतो. लक्षणं बाहेरून सारखी दिसतात : तोंड वाकडं होतं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो, बोलताना जीभ जड होते. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅन केल्याशिवाय सांगता येत नाही. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि रक्तस्रावात तेच इंजेक्शन घातक ठरू शकतं. म्हणून तेल चोळत आणि उतारा करत घालवलेला सकाळचा वेळ इतका महाग पडतो. २००५-०६ मध्ये डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या सुमारे दीड लाख वस्तीच्या एका भागात वर्षभर प्रत्येक नव्या रुग्णाची नोंद ठेवली. तिथे लाखामागे वर्षाला १४५ जणांना पहिल्यांदा पक्षाघात झालेला आढळला, आणि त्यातले सुमारे ८० टक्के गुठळीचे होते.

मुंबईत स्कॅन आहे, म्हणून हे समजलं. जिथे स्कॅन नाही तिथे काय? गडचिरोलीची गोष्ट इथे जरा सावकाश सांगितली पाहिजे.

गडचिरोली म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मलेरिया येतो, कुपोषण येतं, अर्भकांचे मृत्यू येतात. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था १९८६पासून तिथे आहे, आणि तिचं नाव झालं तेही नवजात बालकांच्या कामामुळे. याच संस्थेतले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतले २०११ ते २०१३ या दोन वर्षांतले मृत्यू तपासले. डॉक्टरने लिहिलेलं मृत्यूचं कारण हाती असण्याची फारशी शक्यता नव्हती, म्हणून प्रशिक्षित कार्यकर्ते घरी जाऊन बसले आणि जवळच्या माणसांना विचारलं : काय झालं होतं, कोणत्या बाजूचा हात गेला, बोलता येत होतं का, किती दिवस अंथरुणावर होते? त्या उत्तरांवरून डॉक्टरांनी कारण ठरवलं. एकूण १,५९९ मृत्यू, आणि त्यांतले २२९ पक्षाघाताचे. म्हणजे १४.३ टक्के. मृत्यूच्या कारणांत पहिला क्रमांक त्याचाच. पक्षाघाताने गेलेल्यांपैकी सुमारे ८७ टक्के माणसं घरीच गेली.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं होतं की वृद्ध माणसाच्या कुठल्याही मृत्यूला घरचे लोक लकवा म्हणत असतील. पण अर्धं अंग लुळं पडणं ही काही ताप किंवा धाप यांसारखी मोघम खूण नाही. ती शेजाऱ्यालाही ओळखू येते, आणि घरच्यांच्या सांगण्यावरून निश्चित करता येण्याजोग्या कारणांत पक्षाघात बराच वरचा आहे. खरी गंमत, तिला गंमत म्हणवत नाही खरं तर, पुढेच आहे. ज्या रोगाला आपण शहरी, खात्यापित्या, लिफ्टने जाणाऱ्या माणसाचा रोग समजत आलो, तो महाराष्ट्रातल्या सगळ्यात गरीब जिल्ह्यांपैकी एका जिल्ह्यात, भाताच्या बांधीत राबणाऱ्या, पोट पाठीला लागलेल्या माणसांना नेत होता. तिथे लठ्ठपणा फार नव्हता आणि बैठं काम तर जवळजवळ नव्हतंच. मग होतं काय? होता मोजला न गेलेला रक्तदाब आणि होता तंबाखू.

जोखीम ठरवणारे घटक जगभर कोणते, याचा सगळ्यात मोठा धांडोळा 'इंटरस्ट्रोक' या अभ्यासाने घेतला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दुसऱ्या टप्प्यात ३२ देशांतले जवळपास २७ हजार लोक होते आणि त्यांत भारतातली रुग्णालयंही होती. पक्षाघात झालेल्यांची त्याच वयाच्या, तो न झालेल्या माणसांशी तुलना केली. निघालं ते असं : बदलता येण्याजोगे दहा घटक धरले की जगातल्या पक्षाघाताच्या सुमारे ९० टक्के ओझ्याचा हिशेब लागतो. उच्च रक्तदाब, व्यायामाचा अभाव, रक्तातली चरबी, आहार, पोटाचा घेर, मनावरचा ताण, धूम्रपान, हृदयाचे विकार, दारू आणि मधुमेह. यादी पाठ करण्यात अर्थ नाही, कारण हे दहा जण सारख्या उंचीचे नाहीत. एकट्या रक्तदाबाच्या नावावर जवळपास निम्मा हिशेब जातो. बाकीच्यांतले बरेच जण, मीठ असो, पोट असो किंवा दारू असो, आपलं निदान काही काम रक्तदाबाच्याच हातून करून घेतात.

रक्तदाबाबद्दल एक समज इतका पक्का बसला आहे की डॉक्टरांच्याही बोलण्यात तो येतो : १४०च्या वर गेला की बीपी, खाली असला की काही नाही. २००२ साली दहा लाख माणसांच्या नोंदी एकत्र करून केलेल्या विश्लेषणात अशी कुठलीच पायरी दिसली नाही. चाळिशी ते सत्तरी या वयात वरचा आकडा २०ने वाढला की पक्षाघाताने मरण्याची शक्यता दुपटीहून जास्त होते, आणि हा हिशेब ११५पर्यंत खाली तसाच चालतो. म्हणजे १३५वाल्याची जोखीम ११५वाल्याच्या साधारण दुप्पट, आणि त्याच्या फाईलवर मात्र 'नॉर्मल' असा शेरा. १८०वाल्या माणसाला धोका फार मोठा आहे, यात वादच नाही. पण असे लोक थोडे. १३० ते १५० या पट्ट्यातले लोक कोट्यवधी. प्रत्येकाची जोखीम थोडीथोडकीच, पण बेरीज केली की रुग्णालयात येणाऱ्यांतला मोठा वाटा याच पट्ट्यातून येतो. रोझच्या लेखाचं मर्म हेच होतं. त्याच विश्लेषणाचा दुसरा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो : वरचा आकडा सगळ्यांचा मिळून अवघा दोनने उतरला, तरी मध्यमवयातले पक्षाघाताचे मृत्यू सुमारे १० टक्क्यांनी घटतील. दोन म्हणजे काहीच नाही. एकाच माणसाचा दाब दहा मिनिटांच्या अंतराने मोजला तरी त्याहून जास्त फरक पडतो. एका माणसाच्या बाबतीत ज्याची दखलही कोणी घेणार नाही, तो फरक देशाच्या पातळीवर हजारो घरं वाचवतो.

आता आपली स्थिती. २०१७-१८च्या राष्ट्रीय पाहणीत १८ ते ६९ वयाच्या भारतीयांपैकी २८.५ टक्के लोकांचा दाब वाढलेला निघाला. आयसीएमआर आणि मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनच्या २०२३ साली आलेल्या 'इंडियाब' अभ्यासात हे प्रमाण ३५.५ टक्के आहे. वयोगट वेगळे, मोजण्याच्या तऱ्हा वेगळ्या, त्यामुळे आकडे जुळत नाहीत आणि ते जुळवायचा हट्टही धरू नये. तीन-चार प्रौढांमागे एक, इतकं दोन्हींतून कळतं. पण पहिल्या पाहणीने पुढचा प्रश्नही विचारला होता. वाढलेल्यांपैकी आपल्याला हा त्रास आहे हे साधारण चौघांतल्या एकालाच ठाऊक होतं. औषध घेणारा सातांतला एक. आणि ज्याचा दाब प्रत्यक्षात काबूत होता असा आठांतला एक.

बाकीचे सात जण कुठे जातात, ते कुठल्याही उपकेंद्रात बाजाराच्या दिवशी दिसतं. वर्धा जिल्ह्यातल्या अशाच एका ठिकाणी एक आजोबा पिशवी सांभाळत बाकावर बसले होते. पिशवीत मेथी, बोंबील आणि बैलाची नवी वेसण. सिस्टरने सदऱ्याची बाही वर सारून पट्टा बांधला. १७२/९८. पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजला, तेवढाच. तिने गोळ्यांचा पत्ता पुढे केला तर आजोबा म्हणाले, "मले त काईच होत नाई बाई, मंग गोई कायले खाऊ?" सिस्टर म्हणाली, "आजोबा, काही व्हायला लागलं तर मग गोळीचा उपयोग नाही." त्यांनी पत्ता घेतला, पण मेथीखाली ढकलला. मला त्यांचा युक्तिवाद चुकीचा वाटला नाही. जन्मभर शरीर एकाच भाषेत बोललं : दुखलं की बघायचं, थांबलं की सोडायचं. आणि ज्याचं काहीच दुखत नाही अशा माणसाला आपण सांगतो की रोज, मरेपर्यंत, गोळी घे. महिनाभराने मशीन १३० दाखवतं, माणूस म्हणतो बरा झालो, आणि गोळी सुटते. डॉक्टरच्या लेखी ती हलगर्जी. माणसाच्या लेखी तो शहाणपणा. शिवाय एका वेळी दहाच दिवसांच्या गोळ्या हातावर ठेवल्या, तर पुढच्या खेपेला मजुरी बुडवून कोण येतं?

वाढलेल्या दाबाचं मूळ शोधत गेलं की स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीपाशी यावंच लागतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमची, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, आणि त्यात दिवसभराचं सगळं आलं. भारतीय माणसाच्या पोटात वेगवेगळ्या अभ्यासांप्रमाणे ८ ते ११ ग्रॅम जातं. पाश्चात्त्य देशांत मीठ मुख्यतः कारखान्यातून, पावातून आणि डब्यातून येतं, त्यामुळे सरकार कारखानदाराला दम देऊ शकतं. आपल्याकडचं बरंचसं मीठ अजून घरच्या पातेल्यात पडतं. भाजी महाग झाली की ताटात ठेचा, लोणचं, पापड आणि सुकट यांचा वाटा वाढतो. कोरडी भाकरी घशाखाली उतरवायला मीठ-तिखटच लागतं. गरिबाच्या ताटात मीठ जास्त का, याचं उत्तर भाजीच्या भावात आहे. ताजी भाजी आणि फळं कमी म्हणजे पोटॅशियम कमी, आणि पोटॅशियम कमी पडलं की मिठाचा दाबावरचा परिणाम आणखी बोचतो.

हे सगळं आधी भोगलेला देश म्हणजे जपान, आणि त्याची कहाणी या पुस्तकात वारंवार येईल. १९५१ ते १९८० अशी तीस वर्षं जपानात मृत्यूचं पहिलं कारण पक्षाघात हे होतं. ईशान्येकडचा आकिता प्रांत तर त्यासाठी बदनामच. लांब हिवाळा, बर्फ, आणि महिनोन्‌महिने खारवलेल्या भाज्या, मिसो आणि खारे मासे यांवर काढायचे दिवस. लुईस डाल या अमेरिकन संशोधकाने १९६०च्या सुमारास दिलेल्या आकड्यांनुसार तिथल्या शेतकऱ्याच्या पोटात दिवसाला सुमारे २७ ग्रॅम मीठ जात होतं, दक्षिण जपानात साधारण त्याच्या निम्मं. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब वाढतो, तेव्हा थंड घरांचाही त्यात हात होता. त्या काळी जपानी मृत्यूच्या दाखल्यांवर रक्तस्राव हेच कारण इतक्या प्रचंड प्रमाणात लिहिलेलं असे की परदेशी तज्ज्ञांचा त्यावर विश्वासच बसेना. मग क्यूशू विद्यापीठाने १९६१मध्ये हिसायामा या छोट्या गावात अभ्यास सुरू केला आणि गावकऱ्यांना राजी करून मृत्यूनंतर बहुतेकांचं शवविच्छेदन केलं. गुठळीचे झटके दाखल्यांवरून वाटत होते त्याहून कितीतरी जास्त निघाले. एका गावाने पिढ्यान्‌पिढ्या आपले मृतदेह संशोधनासाठी द्यावेत, याचं मला अजून नवल वाटतं.

पुढे जपानने केलं ते चमकदार नव्हतं. गावोगाव दाब मोजला, बायकांच्या मंडळांनी मिसो सूपातलं मीठ मोजलं, नागानो प्रांतात निदान एक तरी खोली उबदार ठेवा अशी मोहीम चालली. तिथल्याच साकु गावच्या रुग्णालयातले डॉ. तोशिकाझु वाकात्सुकी गावकऱ्यांपुढे आरोग्यावरची नाटकं करत. त्यांना १९७६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. (तीनच वर्षांनी तो जामखेडच्या रजनीकांत आणि मेबल आरोळे यांना मिळाला. गावातल्याच माणसांच्या हाती गावाचं आरोग्य द्यायचं, हा दोघांचाही मार्ग.) १९६१पासून सगळ्यांना आरोग्यविमा लागू झाल्यामुळे मोजल्यावर औषधही मिळू लागलं. फ्रीज आले आणि खारवण्याची गरज कमी झाली. १९६५ ते १९९० या काळात वयाचा हिशेब जुळवून पाहिलं तर पक्षाघाताचे मृत्यू जवळपास चार-पंचमांशांनी घटले. मजा अशी की याच काळात जपानी माणसाचं मांस-अंड्यांचं खाणं आणि कोलेस्टेरॉल वाढत होतं. कोलेस्टेरॉल फार कमी असलं तर मेंदूतल्या रक्तस्रावाची शक्यता वाढलेली दिसते, हेही जपानमुळेच ठळकपणे समोर आलं. एका अवयवाला जे मारक ते दुसऱ्याला त्याच मापात मारक असतंच असं नाही. हृदयविकारावरचे उपदेश उचलून जसेच्या तसे पक्षाघातावर चिकटवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

चीनने दुसरा रस्ता शोधला. तिथल्या ६०० खेड्यांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निम्म्या गावांना नेहमीच्या मिठाऐवजी पाव भाग पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ दिलं. पाच वर्षांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. घरीच मीठ घालणाऱ्या आपल्यासारख्या देशाला हा उपाय सोयीचा आहे. फक्त मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना असं मीठ बाधू शकतं, आणि ते महाग असेतोवर ते ज्याला हवं त्याच्या घरात पोचणार नाही.

तंबाखूबद्दल बोलताना आपल्याकडची पुस्तकं सिगारेटचं चित्र छापतात. २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी धूर ओढणारे ३.८ टक्के होते आणि बिनधुराचा तंबाखू खाणारे २४.४ टक्के. विदर्भात पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन घोटून देतात तो खर्रा; पश्चिम महाराष्ट्रात बाया तव्यावर तंबाखू जाळून केलेल्या मशेरीने दात घासतात, दिवसातून चार-पाच वेळा, आणि तिला व्यसन कोणी म्हणत नाही. 'तंबाखू खाता का?' असं विचारलं की मशेरीवाली बाई प्रामाणिकपणे नाही म्हणते. तोंडाच्या कॅन्सरशी याचा संबंध आता शाळकरी पोरालाही माहीत आहे. पण तंबाखू चघळणाऱ्यांत पक्षाघाताने मरण्याचा धोकाही वाढलेला आढळतो, हे फारसं कुणी सांगत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे. ती कशी चालते ते वाचकाला मी सांगायला नको.

साखरेचं प्रकरण थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. 'इंडियाब'च्या हिशेबाने ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बाया आणि त्यांची मुलं यांचा माग ठेवला. त्यात एक अवघड गोष्ट पुढे आली : आपली बाळं जन्मतःच वजनाला कमी, पण चरबीला तुलनेने जास्त. म्हणजे हाडकुळ्या दिसणाऱ्या माणसातही मधुमेहाची तयारी आईच्या पोटातच झालेली असू शकते. मग चाळिशीतल्या माणसाला 'तुमच्या सवयी सुधारा' म्हणताना थोडा संकोच वाटायला हवा. त्याची जोखीम त्याच्या आजीच्या ताटापासून चालत आली असेल.

आणि काही घटक असे की जे माणसाच्या हातात नसतातच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरणारी घरं ५८.६ टक्के होती; बाकीच्यांकडे चूल आणि तिचा धूर. त्यातले बारीक कण फुप्फुसातून रक्तात पोचतात, वाहिन्यांना सूज आणतात. बाहेर डिझेलचा धूर, वीटभट्ट्या, काडीकचरा जाळणं. या धुराने पक्षाघाताचा धोका वाढतो, हे आता जगभरच्या अभ्यासांतून पक्कं झालं आहे. 'इंटरस्ट्रोक'च्या दहाच्या यादीत मात्र हवा नाही. एकाच शहरातल्या रुग्णाची आणि निरोग्याची तुलना केली की दोघंही तीच हवा घेत असतात. रोझ म्हणाला होता ते हेच.

आपल्या मातीतल्या आणखी काही कारणांसाठी एक छोटं प्रकरण राखून ठेवलं आहे. लहानपणी घसा सुजून, सांधे धरून झालेल्या संधिवातज्वराने हृदयाची झडप अरुंद होते, ठोके बेताल पडतात, आत गुठळी धरते आणि तिशीतल्या बाईच्या मेंदूत जाऊन अडकते. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत मेंदूतल्या शिरांमध्ये रक्त गोठण्याचे रुग्ण आपल्या डॉक्टरांनी फार पाहिले. रक्तक्षय आणि बाळंतिणीला पाणी कमी देण्याची रीत यांचा त्याला हातभार लागतो, असं ते सांगत आले. शाकाहारी लोकांत बी-१२च्या कमतरतेने वाढणारं होमोसिस्टीनही याच यादीत. एकूण आकड्यांत हे सगळं मिळून लहान असेल. पण तरुण माणसाचा पक्षाघात पुढची चाळीस वर्षं घर ओढतं, आणि हे 'वर्षांत' मोजलं की तो लहान राहत नाही.

राहता राहिलं वय. ते बदलता येत नाही, आणि देशाचंही वय वाढतंच आहे. जोखीम आहे तशी राहिली तरी रुग्ण वाढतील, एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे पुढचे आलेख वाचताना घोटाळा होणार नाही. ताणाबद्दल मी जाणूनबुजून कमी लिहिलं. तो यादीत आहेच, पण आपल्याकडे तो एक सभ्य पडदा झाला आहे : 'टेन्शनमुळे झालं' म्हटलं की मशेरी, मीठ आणि सुटलेली गोळी यांविषयी कुणाला काही बोलावं लागत नाही.

सरकारने २०१० साली आणलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावात कॅन्सर, मधुमेह आणि हृदयविकार यांच्यासोबत पक्षाघात असा स्वतंत्र शब्द होता. २०२३मध्ये नाव आटोपशीर करून 'असंसर्गजन्य रोग' केलं, आणि तो शब्द गेला. नावाला मी फार किंमत देत नाही. काम झालं ते वेगळ्या, कमी गाजलेल्या योजनेत. २०१७च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे त्यातले जिल्हे. कल्पना साधीच : सगळ्या डॉक्टरांनी एकाच ठरलेल्या क्रमाने औषधं द्यायची, ती संपू द्यायची नाहीत, एका वेळी महिन्याची द्यायची, आणि गोळी घ्यायला तालुक्याला न बोलावता उपकेंद्रातच द्यायची. मेथीखाली ढकललेला पत्ता यामुळे तोंडात जाईलच असं नाही. पण निदान पुढच्या बाजाराला सिस्टरच्या वहीत आजोबांचं नाव निघतं आणि ते आले नाहीत हे कळतं.

मे २०२३मध्ये केंद्राने २०२५पर्यंत साडेसात कोटी रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांना उपचाराखाली आणायचं ठरवलं. नोंदणीचा आकडा वाढवणं प्रशासनाला जमतं. शिबिरं होतात, पट्टे बांधले जातात, पोर्टलवर नाव चढतं. हे पुस्तक वाचणाऱ्यांत पंचायत समितीत किंवा जिल्हा परिषदेत बसणारं कोणी असेल, तर आरोग्य समितीच्या पुढच्या बैठकीत त्याने त्या आकड्याशेजारचे दोन रकाने मागावेत : नोंदलेल्यांपैकी या तिमाहीत किती जण परत आले, आणि आलेल्यांपैकी किती जणांचा दाब १४०/९०च्या खाली होता.